पिल्लांच्या टाकीवर उजेड किती हवा? नव्या मत्स्यपालकासाठी पायरीपायरीने

हॅचरीत नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात तो पाण्याचं तापमान बघायला, ऑक्सिजन मोजायला आणि खाद्य टाकायला शिकतो. टाकीवर टांगलेल्या दिव्याबद्दल मात्र त्याला कोणी काही सांगत नाही. दिवा आपल्याला दिसावं म्हणून लावलेला आहे, असंच सगळे धरून चालतात. पुढे पिल्लं खाईनाशी झाली, भिंतीला लागून फिरू लागली, एकमेकांच्या शेपट्या कुरतडू लागली की आपण पाणी बदलतो, खाद्य बदलतो, औषध टाकतो.

मीही हेच केलं होतं. मागुराच्या पिल्लांच्या टाक्यांच्या दोन रांगा होत्या. बीज एकाच दिवसाचं, पाणी एकाच टाकीतून येणारं, खाद्य एकाच पोत्यातलं. तरी एका रांगेतली पिल्लं अंगावर चावे घेऊन फिरत होती, रोज दहा-वीस मरत होती, आणि दुसरी रांग शांत होती. तीन आठवडे मी पाण्यात दोष शोधला. प्रतवारी करायला, म्हणजे पिल्लं आकारानुसार वेगळी करायला, बसलो तेव्हा कुठे लक्षात आलं की त्रासातल्या रांगेवरच छताचा पारदर्शक पत्रा होता. त्या रांगेवर काळं शेडनेट दुहेरी करून टाकलं आणि चाव्यांच्या नव्या खुणा दिसणं आठवड्याभरात जवळजवळ बंद झालं. तेव्हापासून कुठल्याही टाकीजवळ गेलो की मी आधी वर बघतो आणि मग पाण्यात.

ज्यांनी आजवर उजेडाचा विचारच केलेला नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. उजेडाच्या तीन बाजू असतात: तो किती प्रखर आहे, दिवसाचे किती तास आहे आणि कुठल्या रंगाचा आहे. मी मुख्यतः प्रखरतेबद्दल लिहितो आहे. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात आणि दुरुस्तीही तिथेच सर्वांत सोपी आहे.

पायरी १: आधी पिल्लाचा डोळा समजून घ्या

आपल्याला पापण्या आहेत. ऊन लागलं की आपण डोळे मिटतो, शिवाय बाहुलीही क्षणात बारीक होते. बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि बाहुलीचा आकारही फारसा बदलत नाही. माशाचा डोळा उजेडाशी जुळवून घेतो तो आतून, दृष्टिपटलातच. तिथे दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू पेशी उजेडात आणि रंग ओळखायला कामी येतात, दंड पेशी अंधुक प्रकाशात. उजेड वाढला की दंड पेशी लांबून मागच्या गडद रंगद्रव्याच्या थरात शिरतात, रंगद्रव्य पुढे सरकतं आणि शंकू पेशी आखडून पुढे येतात. अंधारात याच्या उलट होतं. या सगळ्या हालचालीला साधारण २० मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. रात्री खटकन बटण दाबून ट्यूब लावली तर पिल्लू तेवढा वेळ धड बघू शकत नाही आणि त्याला डोळाही मिटता येत नाही. ते उधळतं, भिंतीवर आपटतं, पृष्ठभागावर उड्या मारतं. सकाळी तळाशी चार मेलेली पिल्लं सापडली आणि पाण्याच्या चाचण्या नीट आल्या, तर रात्री कोणी दिवा लावला होता का, हे जरूर विचारा.

बारक्या पिल्लांची अडचण आणखी वेगळी असते. समुद्री माशांच्या बहुतेक जातींत पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या डोळ्यात रंगद्रव्यही नसतं, त्यामुळे त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर ते काही दिवस काढतं. तोंड उघडायच्या सुमारास डोळा काळा होतो आणि कामाला लागतो. पण त्या डोळ्यात सुरुवातीला फक्त शंकू पेशी असतात. दंड पेशी पुष्कळ नंतर, पिल्लू माशाचं रूप घेऊ लागतं तेव्हा येतात. म्हणजे मोठा मासा ज्या अंधुक उजेडात आरामात शिकार करतो, त्याच उजेडात त्याचं आठ दिवसांचं पिल्लू उपाशी राहतं. समोर रोटिफर (खाद्य म्हणून सोडलेला सूक्ष्म जीव) पोहत असतो, पण तो त्याला दिसत नाही.

शिवाय माशाच्या मेंदूच्या वरच्या बाजूला पिनियल ग्रंथी असते. तिच्यावरची कवटी पातळ असते आणि ग्रंथी थेट प्रकाश ओळखते. अंधारात ती मेलाटोनिन नावाचं संप्रेरक बनवते, उजेडात ते थांबतं. माशाच्या शरीराला रात्र कळते ती मुख्यतः या मेलाटोनिनवरून. रात्रभर मिणमिणता दिवा ठेवला तरी त्याची रात्र पुसट होऊ शकते, हे ध्यानात असू द्या.

पायरी २: तुमची जात आणि तिचं वय ठरवा

‘माशांच्या पिल्लांना किती लक्स लागतो?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो (लक्स म्हणजे उजेडाची प्रखरता मोजायचं माप), आणि मी उलट विचारतो: कुठलं पिल्लू, किती दिवसांचं? एकाला जगवणारा उजेड दुसऱ्याला त्रास देतो.

अटलांटिक कॉडचं उदाहरण घ्या. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या संशोधकांनी कॉडची पिल्लं ३०० पासून २,४०० लक्सपर्यंतच्या वेगवेगळ्या उजेडात वाढवून पाहिली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सर्वांत प्रखर, म्हणजे २,४०० लक्सच्या टाक्यांत पिल्लं जास्त वाढली आणि जास्त जगली. मोठा कॉड थंड, अंधुक पाण्यातला मासा आहे, पण पिल्लाला भक्ष्य शोधायला लख्ख उजेड लागतो. कारण वर आलंच आहे, त्या वयात डोळ्यात दंड पेशी नसतात. वय वाढतं तशी ही गरज कमी होत जाते.

हॅलिबट या थंड समुद्रातल्या चपट्या माशाचं याच्या उलट आहे. बलकाची पिशवी असेपर्यंत त्याची पिल्लं जवळजवळ पूर्ण अंधारात, उंच नळकांड्यासारख्या टाक्यांत ठेवतात. त्या अवस्थेत उजेड दाखवला तर विकृती वाढतात. युरोपीय सी-बासलाही तोंड उघडेपर्यंत अंधारात ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे, म्हणजे बलकातली ऊर्जा नुसत्या पोहण्यात वाया जात नाही. सॅल्मन आणि ट्राउट नदीच्या गोट्यांखाली अंडी घालतात, त्यामुळे त्यांची अंडी आणि कोवळी पिल्लं उजेडापासून पळतात. हॅचरीत त्यांचे ट्रे झाकूनच ठेवतात. थेट उजेडाने, त्यातही जांभळ्या-निळ्या छटेच्या, या अंड्यांची मर वाढते. पिल्लं वर येऊन खायला लागली की मगच हळूहळू उजेड द्यायचा.

मागूर हा मिशांचा मासा. वास, चव आणि स्पर्श यांवर तो चालतो, अंधारात पोटभर खातो. आफ्रिकन मागुराच्या पिल्लांवर वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या प्रयोगांतून हेच पुढे आलं आहे की अंधारात किंवा मंद उजेडात ती जास्त शांत राहतात आणि चांगली वाढतात, उजेड वाढला की मारामारी आणि ताण वाढतो. मी त्यांना २० लक्सच्या आसपास ठेवतो. खाद्य टाकणाऱ्या माणसाला वाट दिसेल इतकंच. पाइकपर्च या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या डोळ्यामागे मांजरासारखा चमकणारा थर असतो. तो उजेड परतवून पुन्हा वापरतो, म्हणून थोडी मोठी झालेली त्याची पिल्लं मंद प्रकाशातच खुशीत असतात.

तिलापिया, रोहू, कटला, मृगळ ही मंडळी उघड्या, उजेडाच्या पाण्यातली, आणि त्यांची सोय सर्वांत सोपी. तिलापियाच्या बारक्या पिल्लांना दिवसाला १८ तास किंवा त्याहून जास्त उजेड मिळाला तर वाढ सुधारते असं दिसून आलं आहे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी, झाल्यावर हा फरक कमी होतो. आतल्या टाक्यांत अशा डोळ्यांनी खाणाऱ्या गोड्या पाण्यातल्या पिल्लांसाठी मी ३०० ते ५०० लक्सपासून सुरुवात करतो आणि मग त्यांच्याकडे बघून कमी-जास्त करतो. हा आकडा म्हणजे सुरुवात करण्याची जागा आहे, याहून जास्त वजन त्याला देऊ नका.

पायरी ३: मोजा

अंदाजावर विसंबू नका, आपला डोळा या कामात पक्का फसवतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १ लाख लक्स असतो. ढगाळ दिवशी तो १० हजारांच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. नीट उजेड असलेल्या कार्यालयात ३०० ते ५०० असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही. या चारही ठिकाणी आपल्याला व्यवस्थित दिसतं, त्यामुळे ‘उजेड ठीकच आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

साधा लक्समीटर घ्या. मोबाइलमधली अ‍ॅप्स दोन टाक्यांची आपसात तुलना करायला चालतील, पण त्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. मीटरची गोल पांढरी चकती पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी वर, आडवी, आकाशाकडे तोंड करून धरा. स्वतःची सावली तिच्यावर पडू देऊ नका. नवी माणसं इथेच चुकतात, वाकून बघता बघता डोक्याने निम्मा उजेड अडवतात. टाकीच्या मध्यभागी एकदा आणि कडेला चारही बाजूंना एकेकदा मोजा. मधला आकडा ८०० आणि कडेचा ९० निघाला तर सरासरी काढून पुढे जाऊ नका. तुमच्या टाकीत दोन वेगळी हवामानं आहेत आणि सगळी पिल्लं त्यांतल्या एकातच गर्दी करणार आहेत.

खिडकी किंवा पारदर्शक पत्रा असेल तर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असं तीनदा मोजा, आणि एकदा रात्री सगळं बंद करूनही. बाहेरच्या रस्त्यावरचा दिवा थेट टाकीवर पडतो हे मला एका ठिकाणी रात्रीच्या मोजणीनेच कळलं.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला सर्वांत संवेदनशील असतो, निळ्याला बराच कमी. त्यामुळे निळा एलईडी मीटरवर कमी आकडा दाखवतो, पण निळं चांगलं दिसणाऱ्या पिल्लाला तोच उजेड भरपूर वाटतो. वेगवेगळ्या रंगांच्या दिव्यांचे लक्स एकमेकांशी ताडून बघू नका. साध्या पांढऱ्या दिव्यापुरतं हे माप पुरेसं आहे, आणि नव्या माणसाने पांढऱ्याच दिव्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. सी-बासच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत निळ्या उजेडात वाढ चांगली झाली आणि तांबड्यात ती मागे पडली. पण प्रखरता आणि वेळ हाती आल्याशिवाय रंगाच्या नादी लागणं म्हणजे पायाआधी कळस चढवणं.

पायरी ४: दिवा टांगा, उजेड पसरवा

एका टाकीवर एकच प्रखर बल्ब ही सर्वांत वाईट मांडणी. बारकी पिल्लं उजेडाकडे खेचली जातात. एका ठिपक्याखाली हजारो जमली की तिथला ऑक्सिजन उतरतो, धडका बसतात, आणि जिताड्यासारखी खादाड जात असेल तर मोठी पिल्लं धाकट्यांना तिथेच गिळतात. खाद्य मात्र सगळ्या टाकीत पसरलेलं असतं.

त्यापेक्षा कमी ताकदीचे दोन-तीन दिवे किंवा लांब ट्यूब उंचावर लावा. एका बिंदूतून उजेड देणाऱ्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की पाण्यावरची प्रखरता चौथाईवर येते. ट्यूबच्या बाबतीत घट इतकी नसते, पण नियम तोच: उंची वाढवली की उजेड मऊ होतो आणि पसरतो. दिव्याखाली दुधी प्लास्टिकचा पत्रा लावला तरी बराच फरक पडतो. जमलं तर डिमर असलेलेच एलईडी घ्या. नंतर डिमर जोडायला गेलात आणि दिवा त्याला चालणारा नसला तर तो लुकलुकतो. आणि काहीही करण्याआधी वायरिंग नीट करा. पाण्यावरचा दिवा पाणी न शिरणारा असावा, टांगणी मजबूत असावी आणि लाइनवर गळती-विद्युत रोधक स्विच असावा. या बाबतीत तडजोड नको.

टाकीच्या आतल्या रंगाचाही उजेडाशी थेट संबंध आहे. पांढऱ्या भिंतीवरून उजेड परततो आणि पिल्लाला भिंत हीच उजेडाची दिशा वाटते. मग ते तोंड भिंतीला लावून पोहत राहतं, खात नाही आणि नाकपुडी घासून जखम होते. गडद भिंतीच्या टाकीत उजेड वरूनच येतो आणि फिकट रंगाचा रोटिफर किंवा आर्टेमिया (खाद्य म्हणून देतात तो कोळंबीसारखा बारीक जीव) काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. उलट, तळ काळा असला की मेलेली पिल्लं आणि साचलेलं खाद्य आपल्याला दिसत नाही. म्हणून मला भिंती गडद आणि तळ फिकट अशी टाकी आवडते.

याच कामासाठी समुद्री हॅचरीत ‘हिरवं पाणी’ वापरतात, म्हणजे नॅनोक्लोरॉप्सिससारखं सूक्ष्म शेवाळ टाकीत सोडतात. त्याचे फायदे अनेक आहेत. त्यातला उजेडाचा फायदा असा की शेवाळाचे कण प्रकाश विखुरतात, झगमगाट जातो आणि पिल्लं टाकीभर पसरतात. उत्तर अमेरिकेतल्या वॉलआय या माशाच्या पिल्लांसाठी तर स्वच्छ पाण्यात बारीक माती कालवून ते गढूळ करतात. त्यामुळे ती भिंतीला चिकटायची थांबतात आणि त्यांचं वाताशय (पाण्यात तोल राखणारी पोटातली हवेची पिशवी) जास्त चांगलं भरतं.

वाताशयाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण त्यात झालेली चूक नंतर सुधारता येत नाही. सी-बास, हेकरू आणि अशा अनेक जातींची पिल्लं आयुष्यात एकदाच, अगदी कोवळ्या वयातल्या काही दिवसांत, पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि त्याने वाताशय भरतं. ती वेळ टळली की पिल्लू जन्मभर जड राहतं, तिरकं पोहतं, कणा वाकतो. त्या दिवसांत पाण्यावर तेलाचा पातळ तवंग असेल तर ते वर येऊनही हवा घेऊ शकत नाही. म्हणून तवंग काढणारा स्किमर चालू ठेवा आणि उजेड मंद व एकसारखा ठेवा, म्हणजे पिल्लं शांतपणे वर येतील. तवंग बघायची युक्ती सोपी आहे: टॉर्च अगदी आडवी धरून पृष्ठभागावर उजेड टाका. इंद्रधनुषी छटा किंवा न हलणारी धूळ दिसली की तवंग आहे.

पायरी ५: पहाट आणि सांज घाला

दिवे खटकन लागू किंवा विझू देऊ नका. डिमरवर अर्ध्या तासात हळूहळू चढवा आणि तसेच उतरवा. डिमर नसेल तर आधी खोलीतला लांबचा दिवा, वीस मिनिटांनी टाक्यांवरची एक रांग, मग दुसरी, असं टायमरने लावा. संध्याकाळी उलट क्रम. पहिलं खाद्य पूर्ण उजेड झाल्यावर थोड्या वेळाने टाका आणि शेवटचं, डोळ्यांनी खाणाऱ्या जातींत, उजेड उतरायच्या बरंच आधी. अंधारात टाकलेलं खाद्य तळाशी कुजतं.

रात्री तपासणी करावीच लागली तर मंद तांबडी टॉर्च वापरा, भिंतीकडे रोखून, पाण्यावर नको. पाण्यात तांबडा रंग लवकर विरतो आणि बऱ्याच माशांना तो कमी दिसतो. सगळ्यांना मुळीच दिसत नाही असं समजू नका.

चोवीस तास उजेड ठेवावा का? काही जातींत, ठरावीक काळापुरता तो उपयोगी पडतो, कारण खायला जास्त तास मिळतात. सॅल्मनपालनात तर दिवसाची लांबी कमी-जास्त करून पिल्लू गोड्या पाण्यातून समुद्रात जायला केव्हा तयार होईल हेही ठरवतात. पण नव्या माणसाने तिथून सुरुवात करू नये. सतत उजेड म्हणजे सतत भूक, सतत हालचाल आणि सतत ऑक्सिजनची मागणी. खाद्य त्या प्रमाणात दिलं नाही तर वाढ तर होत नाहीच, उलट पिल्लं झिजतात.

पायरी ६: टाकीपाशी दहा मिनिटं गप्प उभे राहा

मीटरने काम सुरू होतं, पण निर्णय पिल्लांकडे बघून घ्यायचा. रोज एकाच वेळी, खाद्य टाकायच्या आधी, टाकीपासून हातभर लांब उभे राहा. पहिली दोन मिनिटं धरू नका, तुमच्या सावलीने ती बिथरलेली असतात.

उजेड जमला असेल तर पिल्लं टाकीभर पसरलेली दिसतात, प्रवाहाला तोंड करून. बारकं पिल्लू भक्ष्य बघतं तेव्हा क्षणभर थांबतं, अंग इंग्रजी ‘एस’सारखं वाकवतं आणि झेपावतं. एका पिल्लावर नजर ठेवून मिनिटभरात अशा किती झेपा पडतात ते मोजा. उजेड कमी असेल तर झेपा कमी होतात, पिल्लं निरुद्देश फिरतात. टिपकागदावर एखादं घेऊन भिंगाखाली बघितलं तर पोट रिकामं, आरपार दिसणारं असतं. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट नारिंगी दिसतं, ते लांबूनही ओळखू येतं.

उजेड जास्त झाला तर? पिल्लं तळाशी दबून बसतात, पाइपच्या सावलीत गर्दी करतात किंवा कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. अंगाचा रंग फिका पडतो. दचकणं वाढतं, टाकीला बोट लागलं तरी सगळा थवा उसळतो. शेपटीच्या आणि पाठीच्या परांच्या कडा झिजलेल्या दिसतात. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, बराच काळ चढं राहिलं की भूक आणि रोगप्रतिकार दोन्ही खालावतात. मग जिवाणू किंवा बुरशी येते आणि आपण औषध शोधतो.

यांतलं बरंच काही कमी ऑक्सिजन किंवा अमोनियानेही होतं. म्हणून आधी पाणी तपासा, ते नीट निघालं तर दिव्याकडे वळा. एक झटपट कसोटी आहे: अर्धी टाकी काळ्या कापडाने झाका आणि तासाभराने बघा. बहुतेक पिल्लं सावलीत गेली असतील तर उजेड त्यांना नकोसा आहे. ती उजेडातच राहून नीट खात असतील तर दोष दुसरीकडे शोधा. अगदी बारक्या, उजेडाकडे धावणाऱ्या पिल्लांना मात्र ही कसोटी लागू नाही. ती नुकसान होत असलं तरी उजेडाकडेच जातील.

पायरी ७: उघड्या टाक्या आणि नर्सरी तलाव

बाहेर दिवा सूर्याचा, आणि त्याला डिमर नाही. मग पाण्याची खोली, हिरवेपणा आणि सावली या तीन गोष्टींनीच तो आवरावा लागतो.

उथळ, नितळ पाण्यात पिल्लांना खरोखर ऊन लागतं. अतिनील किरणांनी डोक्यावर आणि पाठीच्या पराच्या पुढे राखाडी-पांढरे चट्टे येतात, कातडी सोलवटते, त्यावर बुरशी बसते. रोग समजून मीठ आणि औषध टाकणारे मी पाहिले आहेत. ओळख अशी की चट्टे फक्त वरच्या बाजूला असतात, पोट स्वच्छ असतं. आतल्या टाकीतून पिल्लं एकदम उन्हात नेली की हे हमखास होतं. नेण्याआधी आठवडाभर उजेड वाढवत न्या, सोडणी संध्याकाळी करा आणि पहिले काही दिवस निम्म्या पृष्ठभागावर शेडनेट ठेवा. पूर्ण झाकू नका, पिल्लाला निवड करता आली पाहिजे.

दुसरा धोका कमी माहितीचा आहे. कडक उन्हात शेवाळाचा दाट बहर असेल तर दुपारी पाण्यात ऑक्सिजन मावेनासा होतो, आणि बारक्या पिल्लांच्या परांत, डोळ्यांभोवती, पोटात वायूचे बुडबुडे धरतात. ती उलटी होऊन वर तरंगतात. त्याच शेवाळाने दुपारी पाण्याचा सामूही (पीएच) चढतो आणि असलेला अमोनिया जास्त विषारी होतो. रात्री मात्र तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, पहाटे पिल्लं पृष्ठभागावर तोंडं काढतात. दुपारचं आणि पहाटेचं असं दोन्ही वेळचं मोजमाप त्यासाठीच घ्यायचं. बुडबुडे दिसले तर सावली करा, एअरेटर जोरात चालवा म्हणजे जादा वायू निघून जाईल, आणि ताजं पाणी आत घ्या.

तलावातला उजेड मोजायला सेकी डिस्क पुरते, काळ्या-पांढऱ्या चार भागांची तबकडी, मध्यभागी दोरी. ती कुठल्या खोलीवर दिसेनाशी होते ते बघा, उन्हात, पण सावलीच्या बाजूने वाकून. ३० ते ४० सेंटिमीटर आलं तर ठीक. २० च्या खाली गेलं तर बहर जास्त दाट आहे, खत थांबवा. ६० च्या पुढे गेलं तर पाणी नितळ आहे, पिल्लांना खायला प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कमी आणि ऊन जास्त. मातीने गढूळ झालेल्या पाण्यात हा आकडा शेवाळाबद्दल काही सांगत नाही, तिथे हातात पाणी घेऊन रंग बघा.

नर्सरी तलावाच्या काठावर रात्री दिवे लावू नका. उजेडाने किडे येतात. त्यांतले काही, पाठीवर पोहणारे पाणढेकूण आणि त्यांचे भाऊबंद, पाण्यात उतरून जिऱ्यांची, म्हणजे अगदी कोवळ्या पिल्लांची, शिकार करतात. राखणीसाठी दिवा लागतच असेल तर तो पाण्यापासून लांब, जमिनीकडे वळवून लावा.

पायरी ८: दोन टाक्या, एक फरक, एक वही

आता स्वतःचा आकडा शोधा. एकाच बीजाची पिल्लं मोजून दोन टाक्यांत सारखी सोडा, जमलं तर प्रत्येक उजेडाला दोन किंवा तीन टाक्या ठेवा. एकट्या टाकीचा निकाल योगायोगही असू शकतो. पाणी, खाद्य, तास सगळं सारखं, फक्त प्रखरता वेगळी: समजा एकीकडे २०० आणि दुसरीकडे ५०० लक्स. दिव्याने पाणी तापत नाही ना, हे दोन्हीकडे थर्मामीटर ठेवून तपासा. नाहीतर उजेडाचा म्हणून जो फरक दिसेल तो उष्णतेचा निघायचा.

वहीत रोज लिहा: तारीख, लक्स, तापमान, मेलेली पिल्लं, उरलेलं खाद्य आणि दहा मिनिटांत जे दिसलं त्याची एक ओळ. आठवड्यातून एकदा तीस पिल्लं काढून लांबी मोजा. सरासरीइतकंच सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या पिल्लातलं अंतर महत्त्वाचं आहे, ते लिहायला विसरू नका. अंतर वाढत चाललं असेल तर काहींनाच खायला मिळतंय, आणि पुढच्या आठवड्यात मोठी पिल्लं धाकट्यांना खायला लागतील. अशा वेळी आधी प्रतवारी करा, मग उजेडाला हात लावा.

बदल करायचा तो एका वेळी थोडा, दोन-तीन दिवसांत पसरून. आणि दिव्याची काच दर पंधरवड्याला पुसा. हॅचरीत तिच्यावर क्षार आणि खाद्याची धूळ इतकी बसते की पाचशेचा दिवा तीनशेवर आलेला असतो आणि वहीत मात्र अजून पाचशेच लिहिलेलं असतं.